शेपूट

फोटो आला तेव्हा मी यवतमाळच्या घरी चहात टोस्ट बुडवत बसलो होतो. बघता बघता टोस्ट कपातच तुटून पडला. गावच्या ग्रुपवर आमच्या पुतण्याने (नाव मुद्दामच लिहीत नाही) रानडुकराच्या मानेवर पाय देऊन काढलेला फोटो टाकला होता. खांद्यावर कुऱ्हाड, डोळ्यांवर काळा गॉगल, आणि वेळ सकाळची सात. पौषातली सकाळ. मागच्या हरभऱ्यावरचं दहिवरही अजून उडालेलं नव्हतं आणि हा गॉगल लावून उभा. खाली दोनच शब्द, 'विषय संपला'. नऊ वाजेपर्यंत त्याखाली अंगठ्यांची आणि आगीच्या चित्रांची रांग लागली. 'भाऊ नाही, ढाण्या वाघ.' 'एकच नंबर.' 'आता रोह्याचं (म्हणजे नीलगाईचं) पाहा.' गेली दोन वर्षं ज्या काकूंनी शुभ सकाळ सोडून काही पाठवलं नव्हतं, त्यांनीही हात जोडले होते.

मीही तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, हे कबूल करतो. एकदा नाही, चार-पाच वेळा. आधी पोराचा चेहरा पाहिला, मग डुकराचे सुळे, आणि मग काहीतरी खटकलं म्हणून पुन्हा डुक्कर. त्याचे मानेवरचे राठ केस अंगाला चिकटले होते. खुरांच्या बेचक्यात निळसर काळी गाळवट माती होती, शेतातल्या मातीपेक्षा वेगळी. रक्ताचा कुठे थेंब नाही. पोट मात्र ढोलकीसारखं तट्ट फुगलेलं. पौषात पाऊस नाही, आमच्या नाल्याला दिवाळीनंतर पाणी नाही. मग हे ओलं कशानं झालं?

त्या वेळी मात्र त्याचा विचार पुढे गेला नाही. आधी फोन लावला.

"तो फोटो काढ आधी ग्रुपवरून."

"काहून काका? चोरी केली का म्या?"

"चोरी नाही, गुन्हा हाय. फॉरेस्टवाले येतीन दारात."

"मंग त्यायनं अर्धा हरभरा उकरला तवा कोणाचा गुन्हा होता? तवा काहून नाही आले कोणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मास्तरकीत बत्तीस वर्षं गेली, त्यामुळे उत्तर नसलं की आवाज चढवायची सवय आहे. ती वापरली. त्याने फोटो काढला, पण तोवर तो पार तालुक्याबाहेर गेला होता. दुपारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मलाच पाठवला. त्यावर मजकूर होता, 'शेतकऱ्याने एका घावात रानडुक्कर लोळवले.'

त्या 'एका घावात'ने मला दोन दिवस झोपू दिलं नाही. झोप न येण्याचं दुसरं कारण म्हणजे, पोराचा राग मला पुरता येत नव्हता. आमच्या भागात जागल म्हणजे काय हे ज्याने केलं त्यालाच माहीत. संध्याकाळी भाकर बांधून घ्यायची, बॅटरी, घोंगडी, एक कनस्तर आणि दांडकं घेऊन मचाणावर चढायचं. विजेची लाइन रात्रपाळीची असली तर ओलितही रात्रीच, म्हणजे पाय गारठ्यात आणि कान तुरीकडे. आता कुंपणाच्या तारेला झटका देणारं झटका मशीन आलंय, त्याची टिक-टिक रात्रभर चालते आणि ती थांबली की माणूस दचकून जागा होतो. ज्यांना मशीन परवडत नाही ते बायकांची जुनी लुगडी धुऱ्याभोवती, म्हणजे शेताच्या बांधाभोवती, बांधतात. एकदा थोरल्या भावाच्या शेतात शिरताना मी एका निळ्या लुगड्यापाशी थबकलो. काठ ओळखीचा होता. आईचं होतं ते. ती जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तिचं लुगडं वाऱ्यावर फडफडून डुकरं हाकलत होतं. भावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही थोड्या वेळाने वाटेनासं झालं. आई तरी वेगळं काय करत होती?

काही जण थेट लाइनीची तार धुऱ्याला सोडतात. तिच्यावर डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी पहाटे शेतात आलेला शेजारी. त्याचे फोटो कुणी काढत नाही.

आणखी एक फोटो कुणाच्या लक्षात राहत नाही. नोव्हेंबरात याच पोराने याच ग्रुपवर तुरीचे फोटो टाकले होते. एका रात्रीत डुकरांच्या कळपाने आणि रोह्यांनी तुरीच्या ओळीच्या ओळी आडव्या केल्या होत्या. नुकसानभरपाईच्या अर्जाला फोटो लागतात म्हणून त्याने ते नीट काढले होते. वाकून, जवळून, लांबून, मोडलेल्या झाडाशेजारी सातबाऱ्याचा कागद धरून. त्याखाली एक रडका चेहरा आणि एक 'अरेरे' आलं होतं, तेही 'अरेरे' माझं. मग कुणीतरी वाढदिवसाचा केक टाकला आणि तूर वर सरकून गेली. पोराला त्यातून जे कळायचं ते कळलं. मोडलेल्या पिकाजवळ उभा राहिलेला माणूस कुणाला बघायचा नसतो.

मला 2018 आठवलं. नोव्हेंबरची 2 तारीख, रात्र. आमच्याच राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ टी-1 वाघिणीला गोळी घातली, जिला बाकीचं जग अवनी म्हणतं. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. लक्ष्मीपूजन पाच दिवसांवर होतं. कापूस फुटून बोंडांतून लोंबायला लागला होता आणि वेचायला बायका मिळत नव्हत्या. मिळाल्या तर पंधरा-वीसच्या घोळक्याने जायच्या, सोबत काठ्या घेतलेले दोन गडी, आणि उन्हं कलायच्या आत घरी. माझी वहिनी त्या हंगामात एकटी नदीवर गेली नाही. पहाटे फोटो आले. पडलेली वाघीण, अंगात रुतलेला डार्ट, कडेला माणसांचे पाय. तो डार्ट गोळीच्या आधी मारला की नंतर, यावर पुढे महिनेन् महिने वाद झाला. मोबाइलवरच्या त्या एका फोटोने शहाणी माणसं कामाला लावली.

तेच फोटो मला दोन ग्रुपवर आले. गावच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आणि 'सुटलो एकदाचे'. पुण्याच्या कॉलेजमित्रांच्या ग्रुपवर मेणबत्त्या आणि तिच्या दहा महिन्यांच्या दोन पिलांची काळजी. मी पुण्याच्या ग्रुपवर हात जोडले आणि गावच्या ग्रुपवर गप्प राहिलो. दोन्हीकडे मी खोटं वागलो असं नाही म्हणणार. पिलांसाठी पोटात तुटलंच होतं, आणि वहिनी आता वेचायला जाईल याने बरंही वाटलं होतं. दोन्ही एकाच पोटात. पण दोन्ही एका ग्रुपवर लिहायची सोय नव्हती.

तेव्हा पुण्याच्या मित्राने झिम्बाब्वेतल्या सेसिल सिंहाची आठवण काढली होती. 2015 मध्ये एका अमेरिकी दंतवैद्याने हजारो डॉलर मोजून त्याची धनुष्यबाणाने शिकार केली. गळ्यात संशोधकांची कॉलर असलेला, पर्यटकांचा लाडका सिंह. लोकांनी त्या माणसाचे आधीच्या शिकारींचे फोटो शोधून काढले, त्याच्या दवाखान्याच्या दारात खेळण्यातल्या वाघ-सिंहांचा ढीग लावला, आणि काही आठवडे त्याला दार उघडता आलं नाही. त्याच वेळी अमेरिकेत शिकणाऱ्या झिम्बाब्वेच्या एका विद्यार्थ्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की आमच्याकडे सिंहासाठी कुणी रडत नाही. मी तो लेख तेव्हा वाचला आणि माणूस जरा कोरडाच आहे असं वाटून सोडून दिला. बोराटीनंतर पुन्हा शोधून वाचला. या खेपेला तो माणूस आमच्या पारावर बसून बोलतोय असं वाटलं.

तरीही दंतवैद्य आणि आमचं पोर एकाच तागडीत घालायला मी तयार नाही. एक जण पैसे मोजून, विमानाने जाऊन मारतो. दुसऱ्याला जागली चुकत नाहीत. पण फोटोत दोघं सारखेच दिसतात, हीच तर पंचाईत. पाय, हत्यार, छाती. रात्र कुठे दिसतच नाही. बाहेरदेशी, जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथले जाणते शिकारी नवख्यांना फोटोची रीत शिकवतात. रक्त पुसून घ्या, बाहेर आलेली जीभ आत ढकला, जनावरावर बसू नका, पाय देऊ नका, कॅमेरा खाली धरा. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडे प्रेताला आंघोळ घालून नवं धोतर नेसवतात ते आठवलं. ते करणारा निदान रडत असतो. मारायचं आणि वर नटवायचं, ते मला जमत नाही. न नटवता टाकावा म्हटलं तर तोही बघवत नाही. म्हणजे माझ्या मते टाकूच नये. हे मी पोराला तिसऱ्या दिवशी गावी जाऊन सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"मंग आबाजीचा?"

आमच्या आबाजींचा, म्हणजे माझ्या आज्याचा, जगात एकच फोटो आहे. तो आमच्या घरी नाही, देशमुखांच्या वाड्यात आहे. 1958 सालचा. मधोमध वाघ, मागे खुर्च्यांवर देशमुख आणि त्यांचे मुंबईकडचे कुणी पाहुणे साहेब, गुडघ्यांवर आडव्या बंदुका. पाहुण्यांचा एक बूट वाघाच्या खांद्यावर. तेव्हा परवाना काढला की वाघ मारता येत असे. त्या फोटोच्या अगदी उजव्या कडेला, निम्मा चौकटीत आणि निम्मा बाहेर, उकिडवा बसलेला उघडा माणूस म्हणजे आबाजी. ते हाक्यावर होते. शंभरेक माणसं कनस्तरं बडवत, बोंबा मारत रान हाकत आणायची आणि वाघ मचाणाकडे काढून द्यायचा. वाघ उलटला तर आधी हाकेवाल्यावर. मजुरी बारा आणे.

वाघाचं माप घ्यायचं तर शेपूट सरळ धरावी लागते. खुंट्या ठोकून सरळ अंतर मोजायचं ही एक रीत, आणि अंगाच्या उंचसखलावरून टेप फिरवायची ही दुसरी. दुसरीत वाघ काही इंच लांब भरतो, त्यामुळे तीच पुष्कळांना आवडायची. आबाजींच्या हातात शेपटीचं टोक होतं. माप झालं, फोटोवाला 'हलू नका' म्हणाला, म्हणून ते टोक धरून तसेच बसून राहिले. तेवढ्याने ते फोटोत आले. घरी मात्र आम्ही लहानपणापासून ऐकलं ते हेच, की आबाजींनी वाघ मारला. वडील सांगायचे, मी शाळेत सांगायचो. एकदा वर्गात एका पोराने 'तुह्या आज्याजवळ बंदूक होती का?' विचारलं तेव्हा मी त्याच्याशी मारामारी केली होती. शेपटीचं मी कुणालाच कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

आबाजी स्वतः काय म्हणायचे? काहीच नाही. विचारलं की चिलीम झटकायचे आणि म्हणायचे, "लय गरम होती शेपूट."

मी गावात असतानाच वनखात्याचे गार्ड आणि राऊंड ऑफिसर आले. फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचणारच होता. अंगणात खुर्च्या मांडल्या, वहिनीने चहा ठेवला, आणि माझ्या मास्तरकीचा काही उपयोग होतो का ते मी पाहू लागलो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुक्करही विनापरवानगी मारता येत नाही. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला, रोह्याला मारायची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते, पण याच्याकडे कुठला कागद? शिवाय शिकार झालेलं जनावर सरकारच्या मालकीचं. मला याचं नेहमी नवल वाटत आलंय. हरभऱ्यात शिरतं तेव्हा ते कुणाचंच नसतं, मेलं की सरकारचं होतं.

पोर खांबाला टेकून उभं होतं. कान लाल. राऊंड ऑफिसरांनी फोन पुढे केला, "हे तूच ना?"

"हो जी."

"कायनं मारलं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. गोठ्यात गाय मुतली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला,

"म्या नाही मारलं जी. विहिरीत पडलं होतं."

आमच्या जुन्या विहिरीला कठडा नाही. रात्री कधीतरी ते डुक्कर तिच्यात पडलं, पहाटेपर्यंत पोहत राहिलं असणार, आणि बुडालं. सकाळी मोटर चालू करायला गेलेल्या पोराने ते पाहिलं. पाणी नासू नये म्हणून चौघांनी दोर लावून वर काढलं. वर आल्यावर कुणाच्या तरी डोक्यात फोटो आला. कुऱ्हाड दुसऱ्याची. गॉगल तिसऱ्याचा.

ते ओले केस, खुरातला गाळ, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी पाहूनही पाहिलं नव्हतं.

राऊंड ऑफिसर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "मंग गॉगल कायले लावला बाप्पा?" डुक्कर नाल्याकाठी पुरलेलं होतं. ते उकरून पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवलं, घाव कुठे नाही, पंचनामा झाला, चार सह्या झाल्या. पोरगं सुटलं. पण सुटताना त्याला दहा माणसांसमोर सांगावं लागलं की मी काहीही केलेलं नाही. तीन दिवस जो ढाण्या वाघ होता तो चौथ्या दिवशी विहिरीतलं डुक्कर काढणारा झाला. ग्रुपवर कुणीतरी पाण्यात डुबकी मारणाऱ्या माणसाचं चित्र टाकलं. त्याखाली आधीच्यापेक्षा जास्त अंगठे.

पेपरात दर काही महिन्यांनी कातडी पकडल्याची बातमी येते. तिचाही फोटो ठरलेला. पुढे पसरलेलं कातडं, त्याच्यामागे तोंडाला फडकं बांधून उकिडवे बसलेले आरोपी, आणि त्यांच्यामागे रांगेत उभं खातं. मला आता त्यात देशमुखांचा फोटोच दिसतो. बूट कुणाचा, खुर्ची कुणाची आणि उकिडवं कुणी बसायचं, एवढंच काय ते बदलतं. मग कुणी म्हणेल, सफारीतले कॅमेरेवालेही शिकारीच. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या जिप्सींनी वाघीण आणि तिची पिलं दोन्हीकडून कोंडली, त्या व्हिडिओची दखल उच्च न्यायालयाने आपणहून घेतली, तेव्हा असं पुष्कळांनी लिहिलं. मला ते पटत नाही. त्रास दिला हे खरंच, शिक्षाही व्हायलाच हवी होती. पण ती वाघीण त्यानंतर उठून चालत गेली. मेलेल्यावर पाय देणं ही गोष्ट निराळी. तिची बरोबरी दुसऱ्या कशाशी लावून ती हलकी करू नये.

पोर महिनाभर ग्रुपवर काही बोललं नाही. मग काही महिन्यांनी अक्षय तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात. बाकी सगळ्यांचे फोटो पाटावर असतात, आबाजींच्या जागी नुसती सुपारी. ती सुपारी बघून पोर म्हणालं, "काका, देशमुखाच्या वाड्यातून आबाजीचा फोटो मोबाइलमधी आणू का? बाकीचा कापून टाकतो. नुसते आबाजी."

देशमुखांची पोरं कधीच नागपूरला गेली. वाड्याची किल्ली गड्याकडे असते. आत उंदरांच्या लेंड्यांचा आणि जुन्या चुन्याचा वास. फोटो बैठकीतल्या भिंतीवर, काचेच्या आत वाळवीने वाघाच्या पोटाशी एक रस्ता काढलेला. पोराने बाहीने काच पुसली, खिडकीचं एक फळकूट उघडलं आणि आपली सावली पडू नये म्हणून तिरकं उभं राहून दोन-तीन वेळा टिपलं. मग तिथेच उंबऱ्यावर बसून बोटांनी कडा आत सरकवू लागला. साहेब गेले. बूट गेला. देशमुख गेले, वाघ खांद्यापासून कमरेपर्यंत गेला. उरले आबाजी. बरगड्या, मुंडासं, कॅमेऱ्याच्या थोडंसं पलीकडे लागलेले डोळे. मी इतक्या जवळून त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. ते घाबरलेले दिसत होते. वाघाला की फोटोवाल्याला, ते कळेना.

मुठीत मात्र शेपटीचं टोक तसंच होतं. तिथून कापावं तर हात जातो.

"हे पुसता येते," पोर म्हणालं. "रबर हाय याच्यात, दोन मिनिटाचं काम." त्याने बोट त्या टोकावर आणून ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, शेपूट ठेवू का काढू?"